खोक्यावरची ‘१२ जीबी रॅम’ खरी किती?

“रॅम जितकी जास्त तितका टॅब्लेट वेगवान, स्वस्तात १२ जीबी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या,” हा निरोप बरीच वर्षं फिरतोय. रॅम म्हणजे चालू ॲप्स ज्यात उघडी राहतात ती मेमरी. तिचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण त्याखालची बारीक अक्षरं वाचा. बरेचदा तिथे ‘४ + ८’ असतं. खरी रॅम ४ जीबी. उरलेली ८ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, व्हर्च्युअल रॅम. स्वस्त टॅब्लेटमध्ये स्टोरेज सहसा ईएमएमसी, म्हणजे हळू चालणाऱ्या स्वस्त चिपचं असतं. ते सेकंदाला फार तर ३०० एमबीच्या आसपास वाचतं. रॅम त्याच वेळात कित्येक जीबी. म्हणून उसन्या जागेने वेग वाढत नाही, उलट ६४ जीबी स्टोरेज असेल तर त्यातले ८ जीबी अडकतात.

दुकानात खरेदीला गेलात तर डेमो पीस मागा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅब्लेट’ उघडून रॅमची फोड बघा. मग ब्राउझरमध्ये एखादं लांब पान अर्ध्यापर्यंत सरकवा, कॅमेरा उघडा, यूट्यूब लावा आणि पुन्हा ब्राउझरवर या. पान जिथे सोडलं तिथेच असेल तर ठीक. पांढरं होऊन पहिल्यापासून लोड झालं, तर बहुधा रॅम अपुरी पडतेय.

मुलांचे व्हिडिओ आणि पीडीएफ एवढंच काम असेल तर खरी ४ जीबी पुरते. २ जीबीचा मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. सेटिंग्जमध्येच सिक्युरिटी अपडेटची तारीखही बघा. ती दोन वर्षं जुनी असेल, तर त्यावर बँकेचं ॲप वापरणं धोक्याचं.