डेअर, डी, डास: नियमच नाहीत का?

‘जर्मन नामांच्या लिंगाला काहीच नियम नाही, शब्द न् शब्द घोकावा लागतो,’ असं जर्मन शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतंय. सुरुवातीला तसंच वाटतं. नामाआधी पुल्लिंगाला डेअर, स्त्रीलिंगाला डी आणि नपुंसकलिंगाला डास लागतं; आणि चमचा डेअर, काटा डी, सुरी डास! अशा छोट्या शब्दांना पाठांतराशिवाय इलाज नाही, हे खरंच.

पण लांब शब्दांचं शेपूट बघा. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’, ‘-शाफ्ट’ हे प्रत्यय लागले की डी. वर्तमानपत्र म्हणजे त्साइटुंग, म्हणून डी. श्प्रुंग (उडी) मात्र डेअर, कारण तिथे ‘उंग’ हा प्रत्यय नाही, मूळ शब्दाचाच भाग आहे. लघुत्वदर्शक ‘-शेन’ लागला की डास. म्हणूनच मेडशेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी! आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की. जोडशब्दात शेवटचा शब्द लिंग ठरवतो: हांट (हात) डी, शू (बूट) डेअर, म्हणून हांटशू, म्हणजे हातमोजा, डेअर.

पडताळायचं असेल तर शब्दकोशातले ‘-उंग’ प्रत्ययाचे वीस शब्द काढा आणि प्रत्येकाचं लिंग तपासा. मराठीतही ‘मोठेपणा’ तो आणि ‘मोठेपण’ ते, हे प्रत्ययच ठरवतो.