डेंग्यूतल्या 'पांढऱ्या पेशी' म्हणजे नेमकं काय

पाऊस उघडला की बीड, जालना, परभणी कुठंही जा, दवाखान्याच्या कट्ट्यावर एकच विषय, "लेकराच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, संभाजीनगरला न्या म्हणलेत". भाच्याला डेंग्यू झाला तेव्हा मीपण हेच सगळ्या सोयऱ्यांना फोनवर सांगत होतो. पण ज्यांच्यासाठी आपण पिशव्या शोधत पळतो त्या पांढऱ्या पेशी नसतातच, त्या प्लेटलेट्स, शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका.

ही गल्लत आपलीच नाही, मोठमोठ्या संशोधकांचीपण झालती. 1865 ला जर्मनीत मॅक्स शुल्त्सेनं सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या बारीक कणांचं वर्णन केलं, पण कित्येकांना तो पांढऱ्या पेशींचा चुराच वाटायचा, आणि रक्त गोठवायचं कामपण पांढऱ्या पेशींचंच असं तेव्हा मानायचे. मग इटलीतल्या तुरीनच्या ज्युलिओ बिझ्झोझेरोनं 1882 च्या सुमारास जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक नसा भिंगाखाली धरल्या, रक्त वाहतंच होतं, नसेला जिथं इजा केली तिथं सगळ्यात आधी हेच कण येऊन चिकटले. लाल नाही, पांढऱ्या नाही, हा तिसराच प्रकार! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी प्रयोग हाच.

पुढं 1906 ला अमेरिकेत जेम्स होमर राइटनं दाखवलं की हे कण हाडाच्या मगजातल्या राक्षसी पेशींचे तुटलेले तुकडे आहेत, म्हणून तर त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य जेमतेम 7 ते 10 दिवस. 1910 ला विल्यम ड्यूकनं रक्तस्राव थांबत नसलेल्या पेशंटला ताजं रक्त दिलं, प्लेटलेट्स वाढल्या, रक्त थांबलं. आज आपण जे भरतो त्याची सुरुवात ही. 1962 ला लंडनमध्ये गुस्ताव बॉर्ननं साधी युक्ती केली, प्लेटलेट्सच्या गढूळ पिवळ्या पाण्यातून उजेड सोडायचा आणि त्यात एडीपी, म्हणजे प्लेटलेट्सना एकमेकाला चिकटायला लावणारं रसायन, टाकायचं, कण एकमेकाला चिकटून गोळे झाले की पाणी निवळतं आणि उजेड जास्त पार होतो, तेवढं मोजायचं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सवर काय करतं हे तपासायला पुढं हीच पद्धत कामाला आली.

आता बर्फाचं. आमच्या भाऊजींनी पिशवीसाठी थर्मासभर बर्फ आणलाता, रक्त म्हणलं की थंडच ठेवायचं असं डोक्यात बसलेलं. ब्लड बँकेतल्या ताईंनी तो बाजूलाच ठेवायला लावला. 1969 ला मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की गार केलेल्या प्लेटलेट्स अंगात गेल्यावर फार टिकत नाहीत, म्हणून 22 अंशाच्या आसपास ठेवायच्या, सारख्या हलवत, तेही साधारण 5 दिवसच. आतल्या मशीनवर पिवळसर पिशव्या पाळण्यासारख्या हलत होत्या. त्यांनी एक काढून दिली, म्हणल्या "फ्रीजला ठेवू नका, नेली की लगेच लावा", आणि दवाखाना येईपर्यंत रिक्षात मी ती दोन्ही हातांवर घेऊन हळूहळू हलवत बसलो.