मेडिकलचा परवाना आणि एच-१ रजिस्टर: पात्रता, कागदपत्रे आणि अँटिबायोटिक विकण्याच्या अटी

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध भारताचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. त्यात दवाखाने आहेत, गोठे आहेत, कोंबड्यांच्या शेडही आहेत. मात्र औषधविक्रीचे परवाने राज्य देते, आणि गोळ्यांचे पाकीट लोकांच्या हातात पडते ते गावातल्या मेडिकलमध्ये. माणसाच्या तापाचे आणि म्हशीच्या कासदाहाचे औषध तालुक्याच्या ठिकाणी अनेकदा एकाच काउंटरवरून जाते. त्यामुळे नवीन दुकान काढणाऱ्याने परवान्याच्या अटी आधीच नीट समजून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

कोणाला मिळतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. किरकोळ आणि घाऊक दोन्ही करायचे असेल तर १५ चौरस मीटर. लसी, इन्सुलिन यांसाठी फ्रिज हवा. मालक स्वतः फार्मासिस्ट नसला तरी चालते, पण औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर असलाच पाहिजे. नुसती पदविका किंवा पदवी पुरत नाही; राज्य फार्मसी कौन्सिलची चालू नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलत्याच गावी, ही सोय करून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

अर्ज आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात परवाना अन्न व औषध प्रशासन देते. अर्ज फॉर्म १९ मध्ये आणि ऑनलाइन करायचा. मिळणारे परवाने साधारणपणे दोन असतात: सर्वसाधारण औषधांसाठी फॉर्म २० आणि, लसी-सिरम-इंजेक्शनांसारख्या अनुसूची सी व सी-१ मधल्या औषधांसाठी, फॉर्म २१. शुल्क प्रत्येकी १५०० रुपये.

जागेचा मालकी हक्काचा कागद किंवा भाडेकरार, मोजमापासह नकाशा, मालकाचे ओळखपत्र व फोटो, भागीदारी असेल तर भागीदारी करार, फार्मासिस्टचे शिक्षण व नोंदणीचे दाखले, त्याचे नेमणूकपत्र व संमती, आधीच्या नोकरीतून मुक्त झाल्याचा कागद आणि फ्रिजचे बिल तयार ठेवा. बहुतेक अर्ज अडकतात ते नकाशावरचे क्षेत्रफळ आणि भाडेकरारातले क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून, किंवा फार्मासिस्टचे नाव अजून जुन्या दुकानावर आहे म्हणून. यानंतर औषध निरीक्षक जागा पाहून जातात.

परवाना मिळाल्यावर तो दर्शनी भागात लावायचा. फार्मासिस्ट बदलला तर महिन्याच्या आत कळवायचे. परवाना चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी शुल्क भरायचे असते.

एच-१ रजिस्टर

खरे काम इथून सुरू होते. ऑगस्ट २०१३ मध्ये अनुसूची एच-१, म्हणजे चिठ्ठीबरोबरच वेगळी नोंदही लागणाऱ्या औषधांची यादी, अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती. सेफिक्सिम, सेफ्ट्रायॅक्झोन, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, क्षयरोगाची औषधे, शिवाय सवय लावणारी काही. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो.

हे औषध देताना, त्याच वेळी, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण लिहायचे. संध्याकाळी गल्ला मोजताना आठवून लिहिलेल्या नोंदीला अर्थ नाही. रजिस्टर तीन वर्षे जपायचे आणि निरीक्षकाने मागितले की दाखवायचे. क्षयरोगाचे औषध घेणाऱ्या रुग्णाची माहिती आरोग्य विभागाला कळवणे २०१८ पासून औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक आहे.

एक गैरसमज फार पसरला आहे. अॅझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन एच-१ मध्ये नाहीत, म्हणून ती चिठ्ठीशिवाय चालतात, असे काही जण मानतात. ती अनुसूची एच मध्ये, म्हणजे फक्त चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. वेगळ्या रजिस्टरची अट त्यांना नाही, चिठ्ठीची आहे.

चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण आणि मात्रा हवी. औषध दिल्यावर सहीच्या वरच्या जागेत दुकानाचे नाव-पत्ता आणि तारीख टाकायची, आणि डॉक्टरने पुन्हा द्या असे लिहिले नसेल तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचे नाही. गेल्या पावसाळ्यातली चिठ्ठी यंदाच्या खोकल्यासाठी घेऊन येणाऱ्या माणसाला थांबवणारा नियम हाच. शक्तिशाली अँटिबायोटिक दोन-तीन दिवस अर्धवट घेऊन सोडले की तगून राहिलेले जंतू वाढतात, आणि पुढच्या खऱ्या आजारात तेच औषध हात टेकते.

जनावरांची औषधे

जनावरांच्या औषधासाठी चिठ्ठीवर जनावराच्या मालकाचे नाव-पत्ता लागतो, आणि चिठ्ठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच लागते. नोंदणी क्रमांक दिसत नसेल तर विचारा. ही औषधे त्यांच्यासाठीच राखलेल्या कपाटात किंवा ग्राहक जाणार नाहीत अशा वेगळ्या भागात ठेवायची, आणि ती माणसांसाठी नाहीत असे त्यांच्यावर लिहिलेले हवे.

शेवटचा डोस दिल्यावर दूध किंवा मांस किती दिवस विकायचे नाही, हे दुधा-मांसाच्या जनावरांसाठीच्या औषधांच्या लेबलवर असते. लेबलसाठीचा नियम सांगतो की त्या औषधाचा कालावधी ठरलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि कोंबडी व जनावरांच्या मांसासाठी २८ दिवस धरावेत. ग्राहकाला हे तोंडाने सांगा. लेबलवरची बारीक अक्षरे गोठ्यातल्या उजेडात कोण वाचणार?

कोलिस्टिन मात्र कपाटातही नको. इतर औषधे थकली की अतिदक्षता विभागात डॉक्टर ज्याच्याकडे वळतात असे हे औषध कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून दिले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेली जनावरे, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. माझ्या मते जंतूंच्या प्रतिरोधाविरुद्ध आपल्याकडे झालेल्या निर्णयांपैकी हा सर्वांत नेमका.

अटी मोडल्या तर

कारणे दाखवा नोटीस येते, खुलासा मागितला जातो, आणि तो पटला नाही तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे तीन महिन्यांच्या आत अपील करता येते. निलंबनाच्या काळात विक्री सुरू ठेवली तर तो विनापरवाना विक्रीचा वेगळा गुन्हा ठरतो.

चिठ्ठी न पाहता अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानाची तक्रार ग्राहकालाही करता येते: महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५. दुकानाचे नाव, तारीख, औषध आणि मिळाले असेल तर बिल जवळ ठेवा. बिल देत नसतील तर तेही तक्रारीत लिहा.