संगणकासाठी मोफत सॉफ्टवेअर आणि मोफत खेळ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणक फॉरमॅटसाठी, म्हणजे सारे पुसून नव्याने विंडोज टाकण्यासाठी, आमच्या दुरुस्तीच्या दुकानात देताना “लागणारं सगळं टाकून द्या” असे बहुतेक ग्राहक सांगतात. या ‘सगळं’मध्ये पत्रे आणि हिशेब करण्याचे ऑफिस, मराठी टायपिंग, फोटो दुरुस्त करण्याचे साधन, व्हिडिओ पाहण्याची सोय आणि घरात मुले असतील तर दोन-चार खेळ अपेक्षित असतात. विकतच्या सॉफ्टवेअरच्या विनापरवाना प्रती आम्ही कोणाच्याही संगणकात टाकत नाही. त्यांऐवजी कायदेशीररीत्या मोफत मिळणारी आणि रोजच्या कामाला पुरणारी सॉफ्टवेअर टाकून देतो. ती कोणती, कोठून घ्यावीत, त्यांच्या मर्यादा काय आणि मुलांसाठी खेळ निवडताना काय पाहावे, हे कोल्हापुरातील शाहूपुरीचे व्यापारी, शिवाजी उद्यमनगरातील कारखानदार, विद्यार्थी आणि पालक अशा आमच्या सर्व ग्राहकांना नीट कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

विनापरवाना प्रत का टाकत नाही

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-बी नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर धंद्याच्या फायद्यासाठी नसेल, तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे प्रत टाकून देणारा निघून जातो आणि जबाबदारी दुकानात किंवा कारखान्यात ती वापरणाऱ्यावर राहते.

कायदा बाजूला ठेवला, तरी दुसरे कारण आम्हाला अधिक गंभीर वाटते. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याची तपासणी मोडून काढलेल्या, प्रतीसोबतच्या सूचनांमध्ये “आधी अँटिव्हायरस बंद करा” असे जवळजवळ नेहमी लिहिलेले असते. अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्राम, संरक्षण बंद करून आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे पूर्ण अधिकार देऊन चालवला की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, जीएसटीचे लॉगिन आणि बँकेची माहिती यांपैकी काहीही त्याच्या हाती लागू शकते. ज्या संगणकावरून पगार आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यात असा प्रोग्राम असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोफत, पण कोणत्या अटींवर

मोफत मिळणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची परवान्याची अट सारखी नसते, आणि गल्लत येथेच होते. लिब्रेऑफिस (पत्रे आणि हिशेब), व्हीएलसी (व्हिडिओ पाहणे), गिम्प (फोटो), फायरफॉक्स (ब्राउझर) ही मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो आणि ती घरी, शाळेत, दुकानात, कितीही संगणकांवर वापरता येतात. या परंपरेचा आरंभ १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून झाला. दुसऱ्या प्रकारची सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत असतात, पण धंद्यासाठी त्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो. दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही साधने अशी आहेत. तिसरा प्रकार ठरावीक मुदतीपुरत्या चाचणी प्रतीचा आहे. फाइल दाबून लहान करणारे विनरार हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण असून ४० दिवसांनंतरही ते चालू राहते, त्यामुळे ते मोफतच आहे असा समज पसरला आहे. त्याच्या जागी आम्ही सेव्हन-झिप टाकतो. ते खरोखर मोफत आहे आणि विनरारच्या आरएआर फाइलही उघडते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकण्यासाठी क्रॅकची गरज नाही. टॅलीप्राइम परवान्याशिवाय ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडते, त्यात नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना करता येतात, पण सराव पुरेसा होतो.

ऑफिसची कामे आणि मराठी

सर्वाधिक प्रश्न याबाबत येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओपनऑफिस या जुन्या प्रकल्पातून २०१० मध्ये वेगळे झालेले लिब्रेऑफिस आज द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था चालवते. त्यातील रायटर पत्रांसाठी, कॅल्क हिशेबासाठी आणि इम्प्रेस सादरीकरणासाठी आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फाइल त्यात उघडतात, आणि तुमची फाइल वर्ड वापरणाऱ्या माणसाला पाठवायची असेल, तर ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन ती वर्डच्या ‘डॉकएक्स’ (.docx) प्रकारात साठवावी. मार्केट यार्डातील गुळाच्या अडत्याला वजन, दर, अडत, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी काढायची असेल, तर त्याला कॅल्क पूर्ण पुरते. जीएसटी विवरणपत्राचे ऑफलाइन टूल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरच मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या सूचना) लिहून दिलेले असतील, तर ते कॅल्कमध्ये जसेच्या तसे चालतीलच असे नाही, आणि गुंतागुंतीच्या मांडणीची वर्ड फाइल रायटरमध्ये उघडल्यावर तक्ते किंवा ओळी किंचित सरकू शकतात. ज्यांचे सारे काम अशा फाइलींवर चालते, त्यांनी मायक्रोसॉफ्टचा परवाना विकत घ्यावा, असाच सल्ला आम्ही देतो.

आता मराठीबद्दल. अनेक ग्राहक श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधील जुनी पत्रे घेऊन येतात आणि “नव्या ऑफिसमध्ये मराठी बिघडली” अशी तक्रार करतात. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तेच पत्र निरर्थक रोमन अक्षरांत दिसते. हा लिब्रेऑफिसचा दोष नाही. वर्डमध्येही तसेच होते. नवे लेखन युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीतच करावे, म्हणजे ते मोबाइलवर, ईमेलमध्ये आणि छापखान्यातही वाचता येते. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. रोमन अक्षरांत शब्द टाइप केला की तो देवनागरी शब्द सुचवतो. मराठी टायपिंगच्या नावाखाली इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या इन्स्टॉलर फाइल म्हणूनच टाळाव्यात. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट रोमन फाँटहून वेगळा निवडावा लागतो. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू केले की ही सोय दिसू लागते. ती आम्ही चालू करूनच देतो. हवे असल्यास लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांचे मेनूही मराठीत करून मिळतील.

इतर गरजांबद्दल थोडक्यात. फोटोसाठी गिम्प आणि लोगो किंवा पाटीच्या मांडणीसाठी इंकस्केप वापरावे. कोल्हापुरी चपलांच्या किंवा हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांच्या कॅटलॉगमधील चित्रांना ही दोन्ही साधने पुरतात, मात्र फोटोशॉपची सवय असलेल्यांना सुरुवातीला ती अडचणीची वाटतील. आवाजाच्या संपादनासाठी ऑडॅसिटी आहे. उद्यमनगरातील कारखान्यांना साध्या द्विमितीय ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड आणि त्रिमितीय कामासाठी फ्रीकॅड चालेल. पण गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंगची फाइल डीएक्सएफ प्रकारात मागवावी, कारण ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींना या साधनांत अडचण येते. विंडोज १० आणि ११ मध्ये अंगभूत असलेला डिफेंडर अँटिव्हायरस चालू ठेवून अद्ययावत ठेवला, तर घरगुती संगणकाला दुसरा मोफत अँटिव्हायरस लागत नाही.

सॉफ्टवेअर कोठून घ्यावे

चांगले सॉफ्टवेअर चुकीच्या ठिकाणाहून घेतले की नुकसान होते. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो. २०२२ च्या अखेरीस गिम्पच्या नावाने गूगलवर अशीच एक जाहिरात झळकली होती, आणि तिच्यावरून उघडणाऱ्या हुबेहूब पण बनावट संकेतस्थळावरून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरत होता. म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, गिम्प डॉट ऑर्ग हे मूळ पत्ते आहेत. सेव्हन-झिपच्या मूळ पत्त्यात सात या आकड्यानंतर आडवी रेघ आहे आणि शेवट डॉट ऑर्ग असा आहे.

व्हीएलसीबाबत वेगळी सूचना आहे. त्याचे मूळ संकेतस्थळ २०२२ मध्ये भारतात बरेच महिने अडवलेले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. त्या काळात ज्यांनी इतर कोठून व्हीएलसी घेतले, त्यांनी ती प्रत काढून मूळ ठिकाणाहून नवी घ्यावी.

इन्स्टॉल करताना प्रत्येक पडद्यावर न वाचता ‘नेक्स्ट’ दाबू नये. ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणाऱ्या, टूलबार घालणाऱ्या किंवा दुसराच प्रोग्राम सोबत आणणाऱ्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. ती काढता येते. डाउनलोडच्या पानावर दोन-तीन मोठी रंगीत बटणे दिसली, तर त्यांतील काही जाहिराती आहेत असे समजावे.

फोनवरून बँकेचे किंवा वीज बिलाचे नाव सांगून कोणी एनीडेस्कसारखे साधन टाकायला लावले, तर लगेच फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीबद्दल २०१९ मध्येच इशारा दिला आहे. आम्हीही दुरून दुरुस्ती करतो. परंतु ती तुम्ही स्वतः आम्हाला फोन केल्यावरच.

मुलांचे खेळ

ब्राउझरमध्ये थेट चालणारे जुने छोटे खेळ बहुतेक ॲडोबीच्या फ्लॅशवर बनलेले होते. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील खेळ चालणेही थांबले. त्यामुळे आज एखादे संकेतस्थळ “खेळण्यासाठी फ्लॅश प्लेयर अपडेट करा” असे म्हणत असेल, तर ते फसवे आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. जुने खेळ चालवण्यासाठी रफल नावाचे मोफत साधन आता उपलब्ध आहे आणि अनेक संकेतस्थळे ते स्वतःच वापरतात.

आम्ही स्वतः सुचवतो ते खेळ असे. अगदी लहान मुलांसाठी चित्रे काढण्याचे टक्स पेंट आणि अक्षरे, अंक, माऊस यांचा सराव देणारे जीकॉम्प्रिस. दोन्हींत जाहिरात नाही आणि एकदा टाकल्यावर इंटरनेटही लागत नाही. त्यापुढील वयाला एमआयटीने २००७ मध्ये आणलेले स्क्रॅच द्यावे, ज्यात मूल स्वतःचा खेळ बनवते. आमच्या मते या यादीत सर्वांत मोलाचे तेच आहे. बुद्धिबळासाठी लीचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत, जाहिरातरहित आणि देणग्यांवर चालणारे आहे. गाड्यांच्या शर्यतीसाठी सुपरटक्सकार्ट आहे, परंतु फार जुन्या संगणकावर ते अडखळते.

मोबाइलवरील ‘मोफत’ खेळांचा व्यवहार निराळा असतो. खेळ फुकट मिळतो, पण पुढची पातळी, पोशाख किंवा शस्त्रे पैसे देऊन घ्यायची असतात, आणि मुलाच्या हातातील फोन बहुधा आई-वडिलांच्या खात्याला जोडलेला असतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करावी आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने बंदी घातली आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही त्यांची ॲपे दुव्यांतून पाठवली जातात. प्ले स्टोअरबाहेरून आलेले कोणतेही ॲप फोनमध्ये घालू नये.

जुना संगणक

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असा संगणक भंगारात देण्याआधी त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पाहावी. ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, हार्डडिस्कमधील काहीही न बदलता. इंटरनेट, ऑफिस आणि मुलांचा अभ्यास यांसाठी ती उत्तम आहे. मात्र टॅली, डिजिटल स्वाक्षरीची काही टोकन आणि काही जुने लेझर प्रिंटर यांची तीत अडचण येते, म्हणून दुकानाच्या मुख्य संगणकावर ती टाकण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

चुकीचे काही टाकले गेल्याची शंका आली, तर प्रथम इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलावेत आणि मगच संगणक आमच्याकडे आणावा. पैसे गेले असतील, तर आमच्याकडे येण्याआधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक. संगणक परत नेताना आम्ही टाकलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, त्याचा मूळ पत्ता आणि ते सॉफ्टवेअर धंद्यासाठी चालते की केवळ घरासाठी, हे लिहिलेला कागद सोबत दिला जातो. तो मिळाला नसेल, तर मागून घ्यावा.