‘आठवीपर्यंत परीक्षाच नसते’ : एका जुन्या समजाचा खुलासा

शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद केल्या आणि पोरांचा पाया कच्चा राहिला, हे वाक्य परभणी-बीडकडच्या पारांवर गेली कित्येक वर्षे ठामपणे बोलले जाते. कायदा तसे म्हणत नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम १६ ने मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली, तर कलम २९ ने संविधानातील मूल्ये, सर्वांगीण विकास आणि भीतीमुक्त वातावरण यांसोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. म्हणजे मोजमाप थांबले नाही, उलट वाढले. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या तपासणीत, लेखी चाचणीबरोबर निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्पही आले आणि सत्राअखेरची संकलित परीक्षा राहिलीच. चौथीतली मुलगी घरच्या ज्वारीचे वजन तराजूवर करून किलो-ग्रॅमचा हिशेब वर्गात मांडते, तेव्हा शिक्षक तिचे गणितच तपासत असतात. पालकांना मात्र तो खेळ वाटतो. (काही शाळांत या मूल्यमापनाच्या नोंदी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरल्या जात, हे मान्य करायलाच हवे; तो दोष अंमलबजावणीचा.)

पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यानंतरच मागे ठेवण्याचा पर्याय राज्यांना दिला. महाराष्ट्राने तो २०२३ मध्ये स्वीकारला.