एक कादंबरी, एक बारवांचे पुस्तक : हस्तलिखित देण्याआधी लेखकांनी वाचावे असे काही

दोन वर्षांपूर्वी भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. पिशवीत दोन जाड फायली होत्या. एकीत कादंबरी, दुसरीत त्यांच्या तालुक्यातल्या बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींची, माहिती. म्हणाल्या, "दोन्ही एकदमच काढा, म्हणजे खर्च वाचेल." कादंबरी गेल्या वर्षी पाडव्याला आली. बारवांचे पुस्तक यंदा, म्हणजे तब्बल वर्षभर मागाहून. ही बातमी द्यायची होतीच. शिवाय आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक लेखक बाईंचेच प्रश्न विचारतो, म्हणून त्यांच्या परवानगीने त्यांच्या दोन पुस्तकांची गोष्ट इथे सांगत आहोत. आम्ही तीन माणसांचे छोटे प्रकाशन आहोत. सगळ्यांना बसवून चहाबरोबर हे समजावायला आवडते, पण वेळ पुरत नाही.

पाने किती होतील?

हा पहिला प्रश्न, कारण खर्च त्यावर ठरतो. आपण कथा-कादंबरीसाठी बहुधा डेमी आकार घेतो, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. नेहमीच्या टाइपात एका पानावर सुमारे २८० शब्द बसतात. बाईंची कादंबरी ६०,००० शब्दांची होती, म्हणजे मजकुराची २१४ पाने. त्यात शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत मिळवा. छपाई फॉर्ममध्ये होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पाने एकदम छापली जातात, म्हणून १४ फॉर्म म्हणजे २२४ पाने हा नेमका आकडा. प्रत्यक्षात अक्षरजुळणी झाली तेव्हा पाने भरली २२७. तीन पानांसाठी आणखी फॉर्म लावायचा, की तीन पाने कापायची? बाईंनी पहिल्या प्रकरणातले पावसाचे वर्णन काढले. कादंबरी त्यामुळे सुधारली, असे आता त्या स्वतःच सांगतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर उत्तम. श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलीही चालतात, पण त्या युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला ऱ हमखास बिघडतो आणि प्रूफ एकदा जास्त वाचावे लागते. हाताने लिहिलेली वहीसुद्धा आम्ही घेतो. फक्त वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर एकेक करून पाठवू नका, ही हात जोडून विनंती.

कादंबरीचे संपादन

शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. निवेदनाला आम्ही ते लावतो. संवादांना लावत नाही. हे ठासून सांगण्याचे कारण आमचीच चूक. बाईंच्या कादंबरीतले एक प्रकरण आमच्या मुद्रितशोधकाने इतक्या निष्ठेने तपासले की त्यातली म्हातारी पुणेरी बोलू लागली. 'हाय'चे 'आहे', 'न्हाई'चे 'नाही'. दुसऱ्या प्रुफात सगळे परत फिरवावे लागले. तेव्हापासून बोलीचे शब्द कसे लिहायचे याचा एक कागद लेखकाकडून आधीच लिहून घेतो.

दुसरी गोष्ट नावांची. कादंबरीतला सावकार गावातल्या खऱ्या माणसावर बेतलेला असेल, तर नुसते आडनाव बदलून भागत नाही. दुकान, तीन मुली आणि कोर्टातला खटला तसाच ठेवला की सारा गाव ओळखतो. 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ आम्ही छापतो, पण ती चिलखत नव्हे. बदनामीचा दावा ओळखू येण्यावर होतो. बाईंच्या सावकाराला आम्ही शेवटी कापडाचा व्यापारी केले.

बारवांच्या पुस्तकाला वेळ कुठे गेला?

माहितीपर पुस्तकात भाषा कमी तपासली जाते आणि विधाने जास्त. बाईंनी बहुतेक बारवांपुढे 'यादवकालीन' किंवा 'अहिल्याबाईंनी बांधलेली' असे लिहिले होते. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी बारवा बांधवल्या हे खरेच, पण म्हणून वेशीबाहेरची प्रत्येक बारव त्यांची होत नाही. शिलालेख कुठे आहे? गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, उल्लेख आहे का? ज्यांना आधार मिळाला नाही तिथे 'गावकरी असे सांगतात' एवढेच ठेवले. बाईंना आधी राग आला. मग त्या पुन्हा फिरायला निघाल्या आणि एका बारवेच्या कोनाड्यात चुन्याखाली झाकलेली अक्षरे त्यांना सापडली. त्यात चार महिने गेले, पण ते सत्कारणी लागले.

छायाचित्रांनी उरलेला वेळ खाल्ला. छपाईला ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेले, चित्र लागते. मोबाइलवरून मोबाइलवर पाठवलेले चित्र पडद्यावर झकास दिसते आणि कागदावर धुरकट येते. मूळ फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या. रंगीत पाने मजकुरात विखुरली तर खर्च फार चढतो, म्हणून सगळी रंगीत चित्रे आम्ही आर्ट पेपरच्या, म्हणजे गुळगुळीत कागदाच्या, एकाच सोळा पानी फॉर्ममध्ये घेतली आणि बाकीचे पुस्तक सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावर एकरंगी छापले. कोणता विषय कोणत्या पानावर हे सांगणारी शेवटची सूची तर पाने कायम झाल्याशिवाय करताच येत नाही. तीन आठवडे लागले. लेखक म्हणतात सूची कशाला. अभ्यासक पुस्तक उघडतो तो मागूनच, हे आम्ही त्यांना सांगतो.

दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची चित्रे

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे २०१७ पासून. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेचे हक्क २०५९ संपेपर्यंत वारसांकडे. बाईंना कादंबरीच्या सुरुवातीला अशाच एका हक्काधीन कवितेच्या चार ओळी हव्या होत्या. 'चारच तर ओळी' हा बचाव होत नाही, विशेषतः कविता आठ ओळींची असताना. समीक्षेत ओळी उद्धृत करणे वेगळे, आणि शोभेसाठी कपाळावर लावणे वेगळे. परवानगीचे पत्र आले, तेव्हाच ओळी छापल्या. सिनेमाच्या गाण्यांचेही तसेच.

पत्रांबाबत तर भल्याभल्यांचा घोटाळा होतो. तुम्हाला आलेले पत्र, म्हणजे तो कागद, तुमचा. पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो नसेल तर त्याच्या वारसांचा. बारवांच्या पुस्तकात एका जुन्या ओव्हरसियरची, म्हणजे बांधकामावर देखरेख करणाऱ्याची, तीन पत्रे होती. त्यांच्या नातवाने लगेच संमती दिली, पण नातू शोधायला वेळ लागला. छायाचित्राचा हक्क साधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. इंटरनेटवर मिळाले म्हणून ते सार्वजनिक होत नाही.

आता तुमचा स्वतःचा हक्क. तो लिहिताक्षणी निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. प्रकाशकाला हक्क द्यायचे तर लेखी करारच लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आमचा करार छापील मराठी पुस्तकापुरता आणि पाच वर्षांचा असतो. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क तुमच्याकडेच राहतात. कुठल्याही प्रकाशकाच्या करारात 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' असे दिसले तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आमचा करारही दाखवा, आम्हाला राग येत नाही.

पैशाचे

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. समजा किंमत ३०० रुपये. वितरक आणि दुकान मिळून ४५ टक्के घेतात, म्हणजे १३५ रुपये. लेखकाचे मानधन १० टक्के, ३० रुपये. उरलेल्या १३५ मध्ये संपादन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, टपाल आणि न खपलेल्या प्रती. यावरून लक्षात येईल की आम्ही पाचशेची आवृत्ती काढतो ती भीतभीतच. पाचशे प्रती संपायला दोन-तीन वर्षे लागतात, हे आधीच सांगितलेले बरे. मानधनाचा हिशेब दरवर्षी मार्चअखेर देतो, विक्री नऊ प्रतींची असली तरी.

आमच्या जोखमीवर वर्षाला मोजकीच पुस्तके घेतो. बाकीची लेखकाच्या खर्चाने निघतात आणि त्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही, फक्त ते लपवत नाही. अशा वेळी आम्ही छापून, तपासून, बांधून देतो, प्रती तुमच्या आणि विक्रीचे पैसे तुमचे. शंभराच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेट. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही चौकशी करा, मात्र पुस्तक छापण्याआधी.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, आम्ही पैसे घेत नाही, कारण भारतात तो फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. तसेच्या तसे पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो.

प्रकाशनानंतर

पुस्तक आले की १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवतो. हिशेबात चार प्रती कमी दिसतात, त्या या. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठीही पुस्तक पाठवतो. यादीत आले तर गावोगावची वाचनालये घेतात, पण निवड आमच्या हातात नाही. राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी कॅलेंडर वर्ष मोजले जाते, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस घाईने पुस्तक काढण्यापेक्षा जानेवारीत निवांत काढावे, असे आमचे मत. समारंभ आम्ही करत नाही. बाईंनी बारवांचे पुस्तक गावातल्या बारवेच्या पायऱ्यांवर प्रकाशित केले आणि त्या एका दुपारी ७० प्रती खपल्या.

येताना

सगळे हस्तलिखित आणू नका. पहिली चाळीस पाने आणि एक पानाचा सारांश पुरे. कादंबरी असेल तर सारांशात शेवटही लिहा, आम्हाला उत्सुकता ताणलेली नको असते. माहितीपर पुस्तक असेल तर अनुक्रमणिका, आधाराला घेतलेल्या पुस्तकांची यादी आणि कोणती चित्रे कोणाची आहेत याचा कागद जोडा. उत्तर सहा आठवड्यांत देतो. त्याआधी फोन केला तरी सहाच आठवडे लागतात. आणि हाताने लिहिलेली वही असेल तर आधी झेरॉक्स काढा, मूळ वही घरी ठेवा. ती एकुलती एक प्रत कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.