डेनारियस ओळखताना: वरची चांदी आणि आतली चांदी

जुनं रोमन नाणं हाती आलं, की लोक ते थेट सराफाकडे नेतात. तिथल्या कॅरेट मीटरवर ९५ टक्के चांदी दिसली, की नाणं अस्सल, असा सर्रास समज आहे. पण आजच्या चांदीत पाडलेलं बनावट नाणंही तोच आकडा दाखवेल. आणि नाणं अस्सल असलं, तरी त्याच्या पोटात किती चांदी आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सुरुवात करावी अक्षरांपासून आणि वजनापासून. रोमन सम्राट टायबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) डेनारियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं, घ्या. एका बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेलं सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, बहुधा त्याची आई लिव्हिया. भोवती 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला लावली आणि नाणं सुमारे ३.४ ग्रॅमवर आलं. ही घट तराजूवर दिसते. त्याच वेळी त्याने मिसळलेलं तांबं मात्र लपून राहतं, आणि ते कसं लपतं हे मला फार विलक्षण वाटतं.

चांदी-तांब्याचा रस थिजताना चांदीबहुल आणि तांबेबहुल कण वेगळे होतात. नाण्याची चकती हवेत तापवली, की पृष्ठभागावरचं तांबं ऑक्सिजनशी संयोग पावतं. चांदी तशीच राहते. तो काळपट थर सौम्य आम्लात विरघळवला, की वर उरते जवळजवळ शुद्ध चांदीची सच्छिद्र साय. ठशाचा घाव बसला, की ती दाबून घट्ट होते. पुढे शतकानुशतकं मातीत राहून वरचं तांबं आणखी झिरपून जातं.

कॅरेट मीटर नाण्यावर क्ष-किरण सोडतो आणि अणूंकडून परत येणारे किरण मोजतो. खोलवरून निघालेले किरण धातूतच शोषले जातात, त्यामुळे बाहेर येतात ते मिलिमीटरच्या काही शतांश भागातलेच. त्यातही तांब्याचे किरण कमी ऊर्जेचे असल्याने आणखी उथळ थरातून येतात. म्हणजे जे तांबं शोधायचं, तेच यंत्राला सर्वांत कमी दिसतं! केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाण्यांच्या कडेला बारीक छिद्र पाडून आतला नमुना तपासला, तेव्हा नीरोच्या बदललेल्या डेनारियसमध्ये चांदी जेमतेम ८० टक्के निघाली.

छिद्र न पाडता अंदाज हवा असेल, तर नाणं हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढावी. दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, ८० टक्केवाल्या मिश्रणाची साधारण १०.१. आत पोकळी असेल तर हा हिशेब चुकतो, पण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं नाणं यात बहुधा पकडलं जातं.

लिंबू-चिंचेने नाणं कधीही घासू नये. वर वर्णन केलेली साय त्यात खराब होते. 'घरातल्या जुन्या नाण्याचे कोटी रुपये' सांगणारे व्हिडिओ निव्वळ फसवणूक आहेत. जमिनीत गुप्तधन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी ग्रंथानुसार भडोचला रोमन डेनारियस स्थानिक नाण्यांशी नफ्यात बदलले जात. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून त्याच बंदरात येई. दक्षिण भारतातल्या चांदीच्या रोमन नाण्यांच्या साठ्यांत सम्राट ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत, इ.स. ६४ नंतरची विरळ. हलकं नाणं व्यापारात नको होतं, असं याचं एक कारण सांगितलं जातं. याच दोघांच्या नाण्यांच्या नकला भारतातही पाडल्या गेल्या. लॅटिन न येणाऱ्या कारागिरांनी त्यांवरची अक्षरं नुसती रेघोट्यांसारखी कोरली आहेत, म्हणून इथे सापडलेल्या नाण्यावरचं प्रत्येक अक्षर भिंगाखाली तपासावं लागतं.